न दिसणाऱ्या श्रोत्यांसमोर : हैदराबादेतील थेट प्रक्षेपणाची वाटचाल

ग्रंथालयाचा इतिहास जसा पुस्तकांचा, तसाच तो व्याख्यानांचाही असतो. महाराष्ट्राबाहेरील मराठी ग्रंथालयांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. पुस्तक नेण्यासाठी आलेला वाचक संध्याकाळच्या व्याख्यानाला थांबतो, आणि व्याख्यानासाठी आलेला श्रोता जाताना सभासदत्वाचा अर्ज घेऊन जातो, असा हा जुना व्यवहार आहे. या व्यवहारात गेल्या काही वर्षांत एक नवी गोष्ट आली. सभागृहाच्या मध्यभागी तिकाटण्यावर एक मोबाइल फोन उभा असतो. त्याच्यामागे एखादा तरुण कार्यकर्ता कानाला यंत्र लावून बसलेला असतो. वक्ता सुलतान बाजारात बोलतो आणि त्याच वेळी तो नांदेडला, पुण्याला, क्वचित न्यू जर्सीलाही दिसतो. यालाच आपण आता थेट प्रक्षेपण म्हणतो.

ही कला नवी दिसते, आणि तिचे शिक्षण बहुतेक कार्यकर्त्यांनी स्वतःच, चुका करीत घेतले आहे. परंतु समोर न दिसणाऱ्या श्रोत्यांशी त्याच क्षणी बोलण्याची विद्या हैदराबाद शहराला अपरिचित नाही. ती या शहराने पूर्वी दोनदा आत्मसात केली: एकदा नभोवाणीच्या काळात आणि एकदा उपग्रहाच्या. प्रत्येक वेळी यंत्र बदलले, परंतु प्रश्न तेच राहिले. बोलण्याचा अधिकार कोणाला, कोणत्या भाषेत, आणि ऐकणाऱ्याला उत्तर देता येते की नाही? हैदराबादच्या मराठी समाजाने या तिन्ही प्रश्नांची झळ सोसली आहे, म्हणून हा इतिहास एकत्र मांडणे उपयुक्त ठरावे.

सभागृहातील श्रोता

प्रथम सभागृहाकडे वळले पाहिजे, कारण तुलनेचे माप तेच आहे. निजामाच्या राज्यात राजभाषा उर्दू होती. तेलुगू, मराठी आणि कानडी या प्रजेच्या भाषा होत्या, पण शासनव्यवहारात त्यांना दुय्यम स्थान होते. अशा स्थितीत विवेकवर्धिनीसारख्या शिक्षणसंस्था, वाचनालये आणि त्यांच्या व्याख्यानमाला हीच मराठी बोलण्या-ऐकण्याची जागा होती. पुढे गश्ती निशाण ५३ या फर्मानाने सार्वजनिक सभेसाठी सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली आणि बोलण्याची ही जागाही आकुंचन पावली.

तथापि या इतिहासातील एक अप्रिय प्रसंग आपणच नमूद केला पाहिजे. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या सभागृहात निजाम राज्य सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. इंग्रजी, उर्दू आणि मराठी भाषणे शांतपणे ऐकली गेली, पण एक तेलुगू वकील आपल्या मातृभाषेत बोलण्यास उभे राहिले तेव्हा मराठी श्रोत्यांनी गोंधळ करून त्यांना बोलू दिले नाही. तो अपमान तेलुगू मंडळींच्या जिव्हारी लागला. त्यातूनच आंध्र जनसंघाची स्थापना झाली आणि पुढे आंध्र महासभेची चळवळ उभी राहिली. श्रोता समोर बसला म्हणजे तो ऐकून घेतोच असे नाही, हा त्या प्रसंगाचा एक धडा. दुसरा धडा असा की सभागृहातील बहुमत ही तात्पुरती गोष्ट असते. त्या दिवशी ज्यांचा आवाज मोठा होता, त्यांच्याच भाषेवर अर्धशतकानंतर या शहराच्या प्रक्षेपणात जागा न मिळण्याची पाळी यायची होती.

दख्खन रेडिओ

हैदराबादेत नभोवाणीचा आरंभ १९३३ मध्ये झाला. चिराग अली गल्लीत महबूब अली यांनी एक छोटे खासगी केंद्र चालू केले. १९३५ मध्ये निजाम सरकारने ते आपल्या ताब्यात घेतले आणि दख्खन रेडिओ या नावाने ते लोकांच्या ओळखीचे झाले. कार्यक्रमांचा मोठा भाग उर्दूत असे, मात्र तेलुगू, मराठी आणि कानडी या भाषांनाही वेळ दिला जाई. पुढे मराठवाड्यासाठी औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथेही राज्याचे केंद्र होते. ज्या राज्यात सभेसाठी परवानगी लागे, त्याच राज्यात सरकारी नभोवाणीवरून मराठी ऐकू येई, ही स्थिती लक्षात घेण्याजोगी आहे. भाषेला स्थान होते, परंतु काय बोलायचे ते ठरविणारा हात वेगळा होता.

त्या काळी ध्वनिफितीचा वापर रूढ झालेला नव्हता. गाण्याच्या तबकड्या सोडल्या तर बहुतेक कार्यक्रम जसे घडत तसेच श्रोत्यांपर्यंत जात. दिवा लागला की बोलायचे. चूक झाली तर ती त्याच क्षणी हजारो कानांवर गेलेली असे, ती खोडता येत नसे. म्हणून पहिल्या पिढीच्या वक्त्यांना काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. सभा गाजविणारा चढा आवाज मायक्रोफोनसमोर निरुपयोगी ठरतो, कारण नभोवाणीचा श्रोता हजारोंच्या जमावात नसतो. तो आपल्या घरात दोघाचौघांत बसलेला असतो. त्याच्याशी बोलावे लागते, त्याला उद्देशून गर्जना करून चालत नाही. वाक्य लांबले की श्रोत्याच्या हातून त्याचे टोक निसटते आणि मागचे पान उलटून पाहण्याची सोय त्याला नसते. कागदाची सळसळ, खुर्चीची करकर, घोटभर पाण्याचा आवाज हेही सारे प्रक्षेपित होते. दहा मिनिटांचे भाषण म्हणजे दहाच मिनिटांचे, अकराव्या मिनिटाला पुढचा गायक तंबोरा जुळवून बसलेला असतो. लेखी संहिता, तालीम आणि घड्याळ ही या विद्येची तीन अंगे त्या काळातच निश्चित झाली.

या केंद्राच्या इतिहासातील सर्वांत स्मरणीय प्रक्षेपण १७ सप्टेंबर १९४८ रोजी झाले. भारतीय सैन्याच्या कारवाईचा तो पाचवा दिवस होता. त्या संध्याकाळी निजाम मीर उस्मान अली खान यांनी दख्खन रेडिओवरून प्रजेला उद्देशून भाषण केले. तोपर्यंत ते कधी मायक्रोफोनसमोर गेले नव्हते. भारत सरकारचे एजंट-जनरल कन्हैयालाल मुन्शी यांनी भाषणाचा मसुदा करून दिला, आणि नभोवाणीवर बोलायचे म्हणजे नेमके काय करायचे हेही निजामाला त्यांच्याकडून समजून घ्यावे लागले, असे मुन्शींनी आपल्या आठवणींत नोंदविले आहे. दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला, जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे औपचारिक शरणागती पत्करली. परंतु घराघरांत राज्य संपले ते आदल्या संध्याकाळीच, रेडिओच्या पेटीतून. सर्वांत मोठ्या अधिकाराच्या माणसालाही न दिसणाऱ्या श्रोत्यांसमोर नवशिक्यासारखे बसावे लागते, हे त्या संध्याकाळी दिसून आले. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून आज जो दिवस पाळला जातो, त्याची पहिली वार्ता अशी थेट प्रक्षेपणातूनच पोहोचली.

१ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीत विलीन झाली. औरंगाबादचे केंद्र पुढे बंद पडले आणि मराठवाड्यात नवी केंद्रे निघण्यास बराच काळ जावा लागला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, आणि हैदराबाद शहर तेलुगू भाषकांच्या आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. भाषेच्या तत्त्वाला धरून झालेली ती रचना योग्यच होती. परंतु शहरात राहिलेले मराठी कुटुंब आता राज्याच्या चार भाषांपैकी एकीचे नव्हे, तर एका अल्पसंख्य भाषेचे झाले. आपल्या भाषेचा आवाज ऐकण्यासाठी त्याला मुंबई-पुण्याच्या केंद्रांकडे रेडिओची सुई फिरवावी लागू लागली.

उपग्रहाचे वर्ष

दुसरे शिक्षण दूरचित्रवाणीचे. भारतात तिचा आरंभ दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला आणि तिच्या आद्य निर्मात्यांत पु. ल. देशपांडे होते, ही मराठी माणसास अभिमानाची गोष्ट आहे. त्यांनी या माध्यमाचे शिक्षण लंडनला बी.बी.सी.मध्ये घेतले होते. देशात हे शिक्षण देण्याची व्यवस्था पुढे झाली. दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांसाठी दिल्लीत १९७१ मध्ये सुरू झालेला प्रशिक्षण विभाग १९७४ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे जुन्या प्रभात कंपनीच्या आवारात, आला.

हैदराबादला या माध्यमाची खरी ओळख झाली ती उपग्रहामुळे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या नासा संस्थेने आपला ए.टी.एस.-६ हा उपग्रह वर्षभरासाठी दिला होता. आंध्र प्रदेश, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसविले गेले. उपग्रहाचे संदेश सरळ झेलणारे हे संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीने तयार केले. प्रत्येक संचाबरोबर तारेच्या जाळीची १० फूट व्यासाची छत्री होती. कार्यक्रम-निर्मितीची मुख्य केंद्रे तीन होती: दिल्ली, कटक आणि हैदराबाद. तेलुगू आणि कानडी कार्यक्रमांची जबाबदारी हैदराबादच्या केंद्रावर होती.

या योजनेतील एक युक्ती विशेष उल्लेखनीय आहे. उपग्रहावरून चित्र एकच येई, पण त्यासोबत दोन ध्वनिमार्ग असत. एकाच चित्रावर मेदक आणि महबूबनगर जिल्ह्यांतील खेडी तेलुगू ऐकत, तर गुलबर्गा (आजचे कलबुर्गी), रायचूर आणि विजापूर जिल्ह्यांतील खेडी कानडी. त्यामुळे निर्मात्यांना एक नवेच व्यवधान सांभाळावे लागले. दोन्ही भाषांतील वाक्ये चित्राच्या त्याच अवधीत बसली पाहिजेत, शेतातील पीक, स्त्रीचे लुगडे, घराचे छप्पर दोन्हीकडच्या लोकांना परके वाटता कामा नये, आणि पडद्यावर ओठ हलत असले तर ते कोणाच्याच भाषेशी विसंगत दिसू नयेत. शहरी निर्मात्याने प्रथमच अशा प्रेक्षकाचा विचार केला, ज्याने त्यापूर्वी चित्रपटही क्वचितच पाहिला असेल. चित्र झटकन बदलले तर तो गोंधळतो, जवळून दाखविलेला डास त्याला कोंबडीएवढा वाटू शकतो, असे प्रश्न तेव्हा गांभीर्याने चर्चिले गेले. प्रेक्षक काय समजले ते जाणण्यासाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने समाजशास्त्राचे अभ्यासक खेड्यांत ठेवले होते. श्रोत्याचे मत ठरवून, पद्धतशीरपणे गोळा करणारा एवढा मोठा प्रयत्न यापूर्वी आपल्याकडे झाला नव्हता.

विजापूर आणि गुलबर्ग्याच्या सीमाभागात मराठी बोलणारी गावे आहेत. पण उपग्रहाला ध्वनिमार्ग दोनच होते आणि तिसऱ्या भाषेला तेथे जागा नव्हती. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, ती यंत्राची मर्यादा होती. तरीही यंत्राची मर्यादा शेवटी कोणत्या तरी भाषेवरच येऊन पडते. १९२१ च्या सभागृहात एका भाषेला श्रोत्यांनी थांबविले होते, १९७५ मध्ये दुसरीला तंत्राने. वर्ष संपताच उपग्रह परत गेला आणि जाळीच्या त्या छत्र्या मुक्या झाल्या. १९७७ मध्ये हैदराबाद आणि गुलबर्गा येथे दूरदर्शनची जमिनीवरील केंद्रे सुरू झाली, तेव्हा कुठे हा धागा पुन्हा जोडला गेला.

या शिक्षणाचा एक चांगला परिणाम शहरात टिकून राहिला. देशातील पहिले खुले विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादेतच स्थापन झाले. जी. राम रेड्डी त्याचे पहिले कुलगुरू होते आणि १९९१ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने चालते. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या देशव्यापी वर्गाचे कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले, आणि त्यांच्या निर्मितीत हैदराबादच्या संस्थांनीही भाग घेतला. फळ्याकडे तोंड करून शिकविण्यात आयुष्य गेलेल्या प्राध्यापकांना कॅमेऱ्याकडे पाहून शिकविण्याची सवय करावी लागली. वर्गात मागच्या बाकावर कोणी जांभई दिली तर शिक्षक सावध होतो. कॅमेरा मात्र जांभई देत नाही. त्यामुळे आपण कंटाळवाणे होत आहोत हे वक्त्याला कळण्याचा मार्गच बंद होतो, आणि ती जाणीव स्वतःच बाळगावी लागते.

प्रक्षेपण हाती आले

तिसऱ्या शिक्षणाचे वैशिष्ट्य असे की त्यात सरकारही नव्हते आणि उपग्रहही नव्हता. यूट्यूबने २०११ मध्ये थेट प्रक्षेपणाची सोय निवडक मंडळींसाठी सुरू केली आणि पुढे ती सर्वांना खुली होत गेली. फेसबुकने २०१६ मध्ये ती सर्वसामान्य वापरणाऱ्यांना दिली. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइलवरील इंटरनेटचा दर एकदम खाली आला. नभोवाणीसाठी राजाश्रय लागला होता, दूरचित्रवाणीसाठी परदेशी उपग्रह. आता एक फोन आणि एक खाते एवढ्यावर कोणतीही संस्था, कोणत्याही भाषेत, परवानगीवाचून प्रक्षेपण करू शकत होती. गश्ती निशाण ५३ पाहिलेल्या पिढीला ही गोष्ट स्वप्नवत वाटली असती.

तरीही बहुतेक संस्थांनी ती विद्या हाती घेतली नाही, कारण गरज पडली नव्हती. गरज पडली ती मार्च २०२० मध्ये. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि सभागृहे बंद झाली. तेलंगणात १ सप्टेंबर २०२० पासून शाळांचे पाठ दूरदर्शन आणि टी-सॅट या राज्याच्या वाहिन्यांवरून देण्यात येऊ लागले. सांस्कृतिक संस्थांना मात्र कोणी वाहिनी देणार नव्हते. नाशिकला व्हावयाचे ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही मार्च २०२१ ऐवजी डिसेंबर २०२१ मध्ये झाले. अशा वेळी देशभरातील आणि परदेशांतील मराठी मंडळांनी फोन आणि संगणक पुढे करून व्याख्याने, काव्यवाचने, ग्रंथचर्चा चालू ठेवल्या.

जे काम शिकण्यास नभोवाणीच्या लोकांना वर्षे लागली, ते येथे आठवड्यांत शिकावे लागले. साहजिकच जुन्याच चुका नव्याने झाल्या. खिडकीकडे पाठ करून बसलेला वक्ता काळ्या सावलीसारखा दिसे. डोक्यावरच्या पंख्याची घरघर भाषणापेक्षा मोठी ऐकू येई. ऐन रंगात आलेल्या कथाकथनात त्याच फोनवर कोणाचा तरी दूरध्वनी येई आणि प्रक्षेपण तुटे. प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि आभार यांतच अर्धा तास जाई आणि तोवर प्रेक्षकांची संख्या निम्म्यावर आलेली असे. स्वागतासाठी लावलेल्या ध्वनिमुद्रित गीतामुळे स्वामित्वहक्काचा प्रश्न उपस्थित होऊन ध्वनी बंद केला जाई. प्रक्षेपण प्रथमच सुरू करणाऱ्या खात्याला यूट्यूबवर चोवीस तासांपर्यंत थांबावे लागते, हे कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी समजल्याने अनेकांची धांदल उडाली.

या अनुभवातून हळूहळू एक शिस्त तयार झाली. जुन्या नभोवाणीची शिस्त आठवली म्हणजे तिच्यात फारसे नवे काही नाही असे दिसते. ध्वनीला अग्रक्रम, हा तिचा पहिला नियम. चित्र थोडे अंधुक असले तरी प्रेक्षक चालवून घेतो, आवाज अस्पष्ट असला तर तो निघून जातो. म्हणून फोनच्या अंगच्या मायक्रोफोनवर न विसंबता वक्त्याच्या सदऱ्याला लावायचा छोटा मायक्रोफोन घेणे ही पहिली खरेदी असावी. प्रकाश वक्त्याच्या समोरून यावा. फोन आडवा आणि स्थिर ठेवावा. इंटरनेटचा वेग मोजताना माहिती येण्याचा नव्हे, तर माहिती पाठविण्याचा वेग पाहावा. साधारण चांगल्या चित्राला सेकंदाला तीन मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला सव्वा ते दीड जीबी खर्ची पडते. हाती त्याच्या दुप्पट वेग असला तर अडथळा येत नाही. दोन दिवस आधी, त्याच जागी, त्याच वेळी तालीम घ्यावी, कारण संध्याकाळी सात वाजता सारी वस्तीच इंटरनेटवर असते.

यंत्राच्या कार्यपद्धतीतील एक गोष्ट समजून घेणे वक्त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ए.टी.एस.-६ सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होता आणि तेथवर जाऊन परत येण्यास संदेशाला साधारण पाव सेकंद लागे. आज सुलतान बाजारातून काचीगुड्याच्या घरात चित्र पोहोचण्यास दहा-वीस सेकंद लागू शकतात. कारण असे की चित्र आधी आकुंचित केले जाते, मग ते कंपनीच्या दूरच्या संगणकावर जाते, तेथे त्याच्या कमी-अधिक दर्जाच्या अनेक प्रती होतात, काही सेकंदांचे तुकडे पडतात आणि ते तुकडे प्रेक्षकाचा फोन आपल्या कुवतीप्रमाणे उचलतो. म्हणून ‘काही प्रश्न?’ असे विचारून लगेच ‘प्रश्न नाहीत, धन्यवाद’ म्हणणारा सूत्रसंचालक श्रोत्यांवर नकळत अन्याय करतो. त्याचा प्रश्न श्रोत्यापर्यंत अद्याप गेलेलाच नसतो. तेथे पाऊण मिनिट काही तरी बोलत राहणे ही या काळाची विशेष कला आहे.

दुसरा नवा भाग श्रोत्याच्या उत्तराचा. दख्खन रेडिओच्या श्रोत्याचे पत्र येण्यास दिवस लागत, साइटच्या प्रेक्षकाचे मत अहवालात येण्यास महिने. आज ‘आवाज येत नाही’ ही ओळ पडद्यावर तत्काळ उमटते. परंतु ती वाचणारा कोणी असेल तरच तिचा उपयोग. यंत्र सांभाळणारा एक, श्रोत्यांचे लेखन वाचणारा दुसरा आणि सूत्रसंचालक तिसरा, अशी किमान तीन माणसे लागतात, हा अनुभवाचा निष्कर्ष आहे. एकाच कार्यकर्त्यावर सारे टाकणाऱ्या संस्थांचे प्रक्षेपण तो परगावी गेला की बंद पडते. विद्या व्यक्तीजवळ न राहता संस्थेजवळ राहावी, यासाठी ज्येष्ठ सभासदांनीही ती शिकून घेणे इष्ट आहे. मायक्रोफोनसमोर प्रथम बसलेल्या निजामापेक्षा त्यांची स्थिती निश्चितच अधिक चांगली आहे.

जतनाचा प्रश्न

येथे ग्रंथालयाचे खास कर्तव्य पुढे येते. दख्खन रेडिओवरून पंधरा वर्षे जे मराठी बोलले गेले, गायिले गेले, त्याचा फार मोठा भाग हवेत विरून गेला, कारण ते जतन करण्याचे साधन सहज उपलब्ध नव्हते. आज साधन आहे, म्हणून आपण निश्चिंत असतो. कार्यक्रम इंटरनेटवर राहतो असा समज सर्वत्र आहे, आणि तो चुकीचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये फेसबुकने जाहीर केले की नवे थेट कार्यक्रम यापुढे तीस दिवसच ठेवले जातील आणि जुने ठराविक मुदतीनंतर काढून टाकले जातील. ज्यांना हवे त्यांनी त्यापूर्वी उतरवून घ्यावेत. टाळेबंदीच्या वर्षांत मराठी मंडळांनी केलेली किती व्याख्याने, किती वयोवृद्ध लेखकांच्या मुलाखती अशा प्रकारे नाहीशा होण्याच्या वाटेवर गेल्या असतील, याची कल्पना केलेली बरी. त्यांतील काही वक्ते आज हयात नाहीत.

परवानगी देणारा निजाम गेला, ध्वनिमार्ग वाटून देणारा उपग्रह गेला, परंतु प्रक्षेपण ज्या जागेवर राहते ती जागा आजही दुसऱ्याच्या मालकीची आहे. पुस्तकाबाबत ग्रंथालयाने कधीही असा विश्वास बाळगला नाही. प्रत विकत घेतली, नोंदवहीत दाखल क्रमांक घातला, कपाटात ठेवली. थेट प्रक्षेपणाच्या बाबतीतही तेच करावे लागेल. प्रत्येक कार्यक्रमाची मूळ प्रत संस्थेच्या स्वतःच्या साठवणीवर, शक्य तर दोन ठिकाणी ठेवावी. वक्ता, विषय, दिनांक, कालावधी आणि भाषा यांची नोंद पुस्तकांच्या नोंदीइतक्याच काटेकोरपणे करावी. वक्त्याची लेखी संमती त्याच वेळी घ्यावी. हे काम करण्यास ग्रंथपालापेक्षा योग्य माणूस दुसरा नाही, कारण वर्गीकरणाची आणि जपणुकीची सवय त्याच्या अंगी आधीपासूनच आहे.

आणखी एक गोष्ट. हैदराबादच्या मराठी व्याख्यानाचा श्रोता आता केवळ मराठी नाही. शेजारची तेलुगू आणि उर्दू भाषक मंडळीही ते पाहू शकतात, आणि लेखी उपशीर्षकांची जोड दिली तर समजूही शकतात. १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या सभागृहात जे ऐकून घेतले गेले नाही, त्याची काही अंशी भरपाई करण्याची संधी या नव्या साधनाने दिली आहे. तेलुगू लेखकाला आपल्या प्रक्षेपणावर बोलवावे, त्याच्या भाषेत बोलू द्यावे आणि खाली मराठी ओळी द्याव्यात. साइटच्या उपग्रहाला दोनच ध्वनिमार्ग होते. आज ही अडचण उरलेली नाही. मन मोकळे ठेवण्याचे काम तेवढे माणसांकडे आहे.

शताब्दीच्या निमित्ताने जुन्या सभासदांची छायाचित्रे भिंतीवर लागतील, जुन्या व्याख्यानांची आठवण निघेल. त्यांपैकी कोणाचाही आवाज ऐकता येणार नाही, ही खंत आहे. पुढच्या शंभर वर्षांनी हे ग्रंथालय आपली द्विशताब्दी साजरी करील, तेव्हा त्या काळच्या वाचकाला आजचा वक्ता पाहता आणि ऐकता यावा. त्यासाठी लागणारी विद्या या शहराजवळ आहे. कार्यक्रम संपल्यावर यंत्र बंद करण्यापूर्वी प्रत जपून ठेवण्याची सवय मात्र आजच लावून घेतली पाहिजे.